टाकाऊ मालाचा कोळसा : वजन पाहिले, आता मजबुती पाहा

कापडाच्या व्यापाऱ्याने कोळशावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा लेख लिहिण्याचा हक्क मी तोटा सोसून मिळवला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांनी खानदेशातील आपल्या गावी पऱ्हाटीचा कोळसा करण्याची भट्टी घातली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या काड्या. शेतकरी त्या एक तर चुलीला वापरतो नाहीतर बांधावर पेटवून देतो. मेव्हण्यांनी काड्या भाजून कोळसा केला, तो दळला, त्यात थोडी खळ मिसळून यंत्रावर कांड्या पाडल्या. भिवंडीत गिऱ्हाईक पाहण्याची जबाबदारी मी घेतली. माल काळाभोर होता, वजन चोख होते, एक कांडी पेटवून पाहिली तर धूर नव्हता. आम्ही समाधानाने ३० किलोच्या गोण्या भरल्या आणि ट्रक रवाना केला.

कसाऱ्याचा घाट उतरून ट्रक भिवंडीत पोहोचला. गोण्या उघडल्या तेव्हा दर चार किलोंत एक किलो चुरा निघाला. गिऱ्हाइकाने सगळा माल चाळून घेतला, कांड्यांचे पैसे दिले आणि चुरा आमच्या नावे टाकला. त्याचे काही चुकले नव्हते. उरलेली एक कांडी मी मालेगावला आणली आणि ओळखीच्या सायझिंग मिस्त्रीला दाखवली. त्याने ती अंगठ्याने चोळली, बोट काळे झाले. तो म्हणाला, "सेठ, याला खळच लागलेली नाही."

या एका वाक्यात पुढचा सगळा धडा आहे. आज अनेक होतकरू तरुण या धंद्याची चौकशी करतात, यंत्राला पैसे घालू पाहतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

बायोचार म्हणजे काय?

लाकूड, काड्या, करवंटी, उसाचे पाचट, भाताचे तूस असा कोणताही वनस्पतीजन्य माल हवा न लागू देता तापवला की तो जळून राख होत नाही. त्यातील पाणी व वायू निघून जातात आणि कार्बनचा काळा सांगाडा उरतो. या मालाला इंधन म्हणून विकले की आपण लोणारी कोळसा म्हणतो. तोच जमिनीत घालण्यासाठी, गाळणीसाठी किंवा दुसऱ्या वस्तूत मिसळण्यासाठी केला की त्याला बायोचार असे नवे नाव मिळते. भट्टीचे तापमान साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सियस असते. सावकाश भाजलेल्या १०० किलो कोरड्या मालातून २५ ते ३५ किलो कोळसा हाती येतो. म्हणजे एक टन कोळशामागे तीन ते चार टन काड्या गोळा कराव्या लागतात. हा आकडा प्रथम पाठ करावा.

सख्ती वेगळी, मजबुती वेगळी

उर्दूत 'सख्ती' आणि 'मजबूती' हे दोन वेगळे शब्द आहेत. कोळशाच्या बाबतीत हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

कोळशाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसतात. झाडाच्या पेशी गेल्या, त्यांच्या भिंती कार्बन होऊन राहिल्या. प्रयोगशाळेत हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक या भिंतीवर दाबून तिची सख्ती मोजतात. चांगल्या भाजलेल्या लाकडाच्या कोळशाची भिंत खरोखर सख्त असते. भिंतीचे द्रव्य पाण्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जड असते. तरीही कोळशाचा तुकडा पाण्यावर तरंगतो. कारण त्या तुकड्यात निम्म्याहून अधिक जागा पोकळ्यांची असते.

म्हणजे सूत मजबूत आहे, पण कापड विरळ विणलेले आहे. असे कापड ओढले तर सूत तुटण्याआधी वीण सरकते. कोळशाचेही तसेच आहे. तो वाकत नाही, ताणत नाही. एखाद्या पोकळीपाशी किंवा आतल्या बारीक चिरेपाशी सुरुवात होते आणि एकदम तुकडा पडतो. म्हणून 'आमचा कोळसा फार कडक आहे' असे विक्रेता सांगतो तेव्हा ते खरे असू शकते आणि तरीही त्याचा माल ट्रकमध्ये चुरा होऊ शकतो. आपल्याला कणाची सख्ती विकत घ्यायची नसते. तुकड्याची मजबुती घ्यायची असते.

आणखी एक गोष्ट कापडवाल्यांना लगेच पटेल. कापडाची ताकद ताण्याच्या दिशेने एक आणि बाण्याच्या दिशेने दुसरी असते. लाकडाच्या कोळशालाही तशीच दिशा असते. रेषेच्या लांबीने दाबले तर तो जास्त भार घेतो, आडवा दाबला तर लवकर फुटतो. म्हणून चाचणी नेहमी दोन्ही बाजूंनी करावी.

भट्टीत मजबुती कशाने कमी-जास्त होते?

पहिले कारण मूळ माल. जड, घट्ट लाकडाचा आणि नारळाच्या करवंटीचा कोळसा मजबूत येतो. हलक्या लाकडाचा ठिसूळ येतो. पाचट, तूस, भुसा यांचा तर तुकडाच राहत नाही, भुकटी होते.

दुसरे कारण ओल. माल ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती वाट फोडत बाहेर पडते आणि तुकड्याला आतून चिरा जातात. या चिरा बाहेरून दिसत नाहीत.

तिसरे कारण घाई. भट्टी झपाट्याने तापवली की वायू जोराने सुटतात आणि बाहेरची कड आतल्या भागापेक्षा आधी आकसते. दोहोंच्या ओढाताणीत तुकडा तडकतो. सावकाश तापवलेला आणि सावकाश निववलेला कोळसा अधिक टिकतो. एका दिवसात दोन घाण काढण्याचा मोह येथेच महाग पडतो.

चौथे कारण तापमान. कमी तापमानावर अर्धवट भाजलेला माल दिसायला घट्ट असतो, पण पेटवल्यावर धूर देतो. मधल्या टप्प्यावर लाकडाची मूळ ताकद गेलेली असते आणि कार्बनची नवी जुळणी अजून पुरी झालेली नसते. त्यापुढे तापमान वाढवले तर भिंती आकसून अधिक सख्त होतात, पण उतारा घटतो. म्हणून भट्टीवाल्याने आपल्या मालाचे योग्य तापमान प्रयोगाने ठरवून तेच रोज पाळावे.

पाचवे कारण राख. भाताच्या तुसात वाळूसारखे द्रव्य, म्हणजे सिलिका, पुष्कळ असते. त्याच्या कोळशात बराच भाग राखेचाच असतो. कोंबडीखत किंवा सांडपाण्याचा गाळ भाजला तरी राख फार येते आणि कार्बनची सलग भिंत तयार होत नाही. उलट करवंटीत राख फार थोडी असते.

भुकटी बांधणे : सायझिंगचा धडा

आपल्याकडील बॉयलरवाले 'व्हाइट कोल' चांगला ओळखतात. भुसा, भुईमुगाची टरफले, बगॅस दाबून केलेल्या त्या जाड कांड्यांत बाहेरचा चिकट पदार्थ घालत नाहीत. मग कोळशाच्या भुकटीला खळ का लागते, असा प्रश्न मलाही पडला होता.

उत्तर असे की, कच्च्या लाकडात लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. जबर दाब आणि उष्णता मिळाली की तो मऊ होतो आणि थंड झाल्यावर भुसा धरून ठेवतो. भट्टीत कोळसा होताना हा डिंकच मोडून जातो. त्यामुळे कोळशाची भुकटी कितीही दाबली तरी दाब काढताच सुटी होऊ पाहते. तिला बाहेरून बांधावे लागते.

ताण्याचे सूत खळीशिवाय मागावर चढवले तर ते तुटते, हे यंत्रमागवाल्याला सांगावे लागत नाही. फणी आणि वही यांचे घासणे सोसण्यासाठी त्याला कवच लागते. कोळशाच्या कांडीला ट्रकचे हादरे सोसायचे असतात. औषध तेच आहे, स्टार्चची खळ. कोळशाच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के स्टार्च पुरतो. मात्र सायझिंगचे सर्व नियम येथेही लागू आहेत.

खळ पुरती शिजली पाहिजे. कच्चा स्टार्च पाण्यात नुसता मिसळला तर तो पांढरी पूड म्हणूनच राहतो, चिकटत नाही. आमच्या मेव्हण्यांनी सरपण वाचवायला तो कोमट पाण्यात कालवला होता.

भुकटी सारखी बारीक पाहिजे. मोठे कण मध्ये राहिले तर तेथूनच कांडी तुटते.

कांडी पूर्ण वाळली पाहिजे. उन्हात दोन-तीन दिवस लागतात, ढगाळ हवेत अधिक. वरून कोरडी व आतून ओली कांडी गोणीत घातली की ती मऊ पडते.

आणि खळ जास्तही नको. जास्त खळ म्हणजे जास्त खर्च आणि पेटवताना धूर. माती घालून बांधणारेही आहेत. मातीने कांडी स्वस्त व जड होते, पण माती जळत नाही, राखेत शिल्लक राहते. गिऱ्हाइकाला कोळशाच्या भावात माती देणे हा व्यापार नव्हे.

आपल्या राज्यात हे काम नवे नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून भुकटी करून तिच्या कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटातून इंधन काढण्याच्या त्या कामाला २००२ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पऱ्हाटीच्या उपयोगावर मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे 'सिरकॉट'ने, काम केले आहे. भट्टी घालण्यापूर्वी अशा संस्थांचा सल्ला घ्यावा.

घरच्या घरी पाच चाचण्या

यासाठी तराजू, चाळणी, तेलाचा रिकामा डबा, लोखंडी पत्रा आणि एक पिंप एवढेच लागते.

१) डब्याची चाचणी. रिकामा डबा काठोकाठ पाण्याने भरून पाण्याचे वजन काढा. डबा कोरडा करून कोळशाने भरा, दोनदा ठोका आणि कोळशाचे वजन काढा. कोळशाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. लाकडाच्या कोळशाचे उत्तर ०.२ ते ०.३ च्या आसपास येते, करवंटीचे त्याच्या जवळजवळ दीड ते दोन पट. आकडा जितका लहान तितका ट्रक जागेने आधी भरेल आणि भाडे हवेवर जाईल.

२) पाडण्याची चाचणी. चाळून घेतलेले १० किलो तुकडे पुरुषभर उंचीवरून, म्हणजे सुमारे ६ फुटांवरून, लोखंडी पत्र्यावर पाडा. असे चार वेळा करा. पुन्हा चाळा आणि चाळणीवर राहिलेल्या मालाचे वजन करा. पोलादाच्या धंद्यात कोकची परीक्षा याच धर्तीवर होते. दूर जाणाऱ्या मालात १० किलोंपैकी ९ किलो तरी शाबूत राहिले पाहिजेत, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

३) घोळण्याची चाचणी. पिंपात ५ किलो माल घालून झाकण लावा आणि पिंप आडवे करून १०० वळसे लोळवा. पडण्याने तुकडे फुटतात, घोळण्याने कडा झिजतात. ट्रकमध्ये दोन्ही होते, म्हणून दोन्ही चाचण्या कराव्यात.

४) थप्पीची चाचणी. ३० किलोच्या १० गोण्यांची थप्पी लावली तर सर्वांत खालच्या गोणीवर २७० किलो भार येतो. गोणीएवढ्या फळीखाली एका थरात कांड्या मांडा आणि फळीवर तेवढे वजन रात्रभर ठेवा. सकाळी ज्या फुटल्या असतील त्या मोजा. फार फुटल्या तर थप्पी कमी उंचीची लावा.

५) राखेची चाचणी. १०० ग्रॅम कोरडा कोळसा लोखंडी पात्रात, काळा कण राहणार नाही इतका जाळा. उरलेली राख तोला. जितके ग्रॅम तितके टक्के.

कांड्यांसाठी एक जास्तीची परीक्षा आहे. एक कांडी अर्धा तास पाण्यात ठेवा. स्टार्चची कांडी पाण्यात मऊ होतेच. किती लवकर विरघळते ते पाहा. त्यावरून पावसाळ्यात माल कसा ठेवायचा हे ठरते. कोळसा हवेतील दमटपणाही ओढून घेतो. म्हणून वजन करण्यापूर्वी माल कोरडा आहे ना, याची खात्री करावी. नाहीतर पाणी कोळशाच्या भावात येईल.

कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल?

सर्वांना सारखी मजबुती लागत नाही, हे समजले तर चुऱ्याचेही पैसे होतात.

लोहार, कल्हईवाले, तंदूरवाले यांना तुकडा लागतो. चुऱ्याने हवेची वाट बुजते आणि भट्टी गुदमरते. पण या बाजारात एक मोठा बदल झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि भट्ट्या ठराविक मुदतीत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. आपल्यातील कितीतरी लोकांचा बेकरीचा धंदा आहे, त्यांना हे ठाऊक आहे. मुंबईच्या भट्ट्यांवर हिशेब बांधून कोणी नवे यंत्र घेत असेल तर त्याने दोनदा विचार करावा.

लोखंडाच्या भट्टीला सर्वांत मजबूत माल लागतो, कारण वरच्या धातुकाचा भार कोळशाला पेलायचा असतो. कर्नाटकातील भद्रावतीचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची झोतभट्टी लाकडी कोळशावर चालत होती. अशा भट्ट्या कोकच्या भट्टीपेक्षा ठेंगण्या ठेवाव्या लागतात, त्याचे एक मुख्य कारण कोळशाची कमी मजबुती हेच आहे.

रंगाई-धुलाईच्या कारखान्यात पाण्याचा रंग काढण्यासाठी जो सक्रिय कार्बन वापरतात, त्याचा दाणा घासण्याला टिकणारा पाहिजे. गाळणी उलट्या पाण्याने धुतात तेव्हा मऊ दाणा झिजून वाहून जातो. करवंटीच्या कार्बनला मागणी असते ती याच कारणाने.

शेतीसाठी मात्र चुरा चालतो, उलट तोच सोयीचा. तेथे पोकळ्यांचे काम असते, मजबुतीचे नाही. शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मुरवून तो जमिनीत घालतात.

सिमेंट, रबर व प्लास्टिकमध्ये बारीक पूड मिसळण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. येथे कणाची सख्ती उपयोगी पडते, कारण तुकड्यातील मोठ्या पोकळ्या दळताना मोडून जातात. सिमेंटमध्ये साधारण १ ते २ टक्के पूड फायद्याची दिसते, फार जास्त घातली तर काँक्रीटची ताकद घटते. अशा गिऱ्हाइकाला दर खेपेस एकसारखा माल लागतो. भट्टी एकसारखी चालवता येत असेल तरच हा सौदा करावा.

कापडाच्या कातरणाचे काय, असे मला आपले लोक विचारतात. सुती चिंध्यांचा कोळसा मऊ व हलका येतो, त्याला तुकड्याची मजबुती नसते. पॉलिएस्टर तर सुमारे २६० अंशांवर वितळते, त्याचा चिकट गोळा होतो आणि घातक धूर निघतो. कातरण चिंधीवाल्याला विकणेच बरे.

हिशेबाची गोष्ट

१०० किलो माल घेतला आणि २० किलो चुरा निघाला तर नुकसान २० टक्के झाले, असे आपण म्हणतो. पण विक्रीला ८० किलोच राहिले. त्या ८० किलोंवर १०० किलोंची खरेदी, भाडे आणि हमाली बसली. म्हणजे किलोमागे खर्च २५ टक्क्यांनी वाढला. आमच्या ट्रकमध्ये चौथा हिस्सा चुरा होता, म्हणून खर्च ३३ टक्क्यांनी चढला. या धंद्यात एवढा नफा असतो का, हे ज्याने त्याने पाहावे. यासाठी सौदा करतानाच लिहून घ्यावे की माल चाळून मोजला जाईल, चाळणीचे भोक किती आणि चुरा किती टक्क्यांपर्यंत चालेल. घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे दोघांचेही भांडण यामुळे वाचते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

ताजा कोळसा हवा शोषून आपोआप गरम होतो आणि गोणीत पेटू शकतो. भट्टीतून काढल्यावर तो किमान एक दिवस-रात्र उघड्यावर, पसरून, गोदामापासून दूर ठेवावा. हात लावून थंड लागला म्हणजे निवला असे समजू नये.

कोळशाची धूळ फुप्फुसांना वाईट आणि बंद खोलीत ठिणगीने भडकणारी असते. दळणाऱ्या कामगाराला तोंडावर मास्क द्यावा, खोली मोकळी ठेवावी. भट्टी घालण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

मेव्हण्यांनी पुढच्या हंगामात खळ शिजवण्यासाठी मोठी कढई घेतली आणि कांड्या तीन दिवस वाळवू लागले. पाडण्याच्या चाचणीत १० किलोंपैकी सव्वानऊ किलो शाबूत राहिले, तेव्हाच आम्ही दुसरा ट्रक भरला. पहिल्या ट्रकचा चुरा एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याने खतात घालायला नेला, त्याचे थोडे पैसे आले.

आपण कापड घेताना ते उजेडात धरतो, बोटांनी चोळतो, दोन हातांनी ओढून पाहतो, मग भाव विचारतो. कोळसा घेतानाही एवढेच करायचे आहे. आधी पाडा, मग चाळा, मग तोला आणि शेवटी भाव करा.